मामाचा अर्धा राहिलेला निबंध

फोन स्टाफरूमच्या कपाटात होता. शाळेत दहावीची सराव परीक्षा चालू होती, आणि पर्यवेक्षण करताना वर्गात फोन न्यायचा नाही हा नियम मीच इतर शिक्षकांना बजावत असते. पेपर गोळा करून, गठ्ठे बांधून खाली आले तेव्हा सात मिस्ड कॉल होते, सगळे एकाच नंबरवरून. बडोद्यातल्या वासण्याच्या ज्या सोसायटीत माझा विलासमामा वॉचमन होता, तिथल्या सेक्रेटरींचा तो नंबर. मी उलट फोन लावला. "बेन, तमारा मामा... सवारे खुरशीमां बेठा बेठाज..." फाटकाजवळच्या खुर्चीत बसल्या बसल्या मामा सकाळीच गेला होता. त्या वेळी मी वर्गात बाकांमधून फेऱ्या मारत होते आणि कोण कुणाचं बघून लिहितंय यावर डोळा ठेवून होते.

त्याला आता सहा आठवडे झाले. या पानावर बहुधा नाव कमावलेल्या माणसांविषयी लिहिलं जातं. माझ्या मामाने काहीच कमावलं नाही. तो अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेला, त्याचं लग्न झालेलं नव्हतं, आणि ज्या एका परीक्षेसाठी तो जिवाचं रान करत होता ती काही त्याला सुटली नाही. दहावीचं इंग्रजी. मी आज त्याच विषयाची शिक्षिका आहे. त्याच्यावर लिहिणार असं आईला सांगितलं तर ती म्हणाली, "चांगलं चांगलं लिही हो." चांगलं लिहिण्यासारखं त्याच्याबद्दल पुष्कळ आहे. माझ्याबद्दल नाही, आणि ते सांगितल्याशिवाय त्याच्याबद्दल लिहिता येत नाही, म्हणून एवढे दिवस लागले.

मामा आईचा धाकटा भाऊ. खापरपणजोबा संस्थानच्या फौजेत शिपाई म्हणून बडोद्याला आले, त्यानंतर घराण्यात कुणी बढती पाहिली नाही, असं तो स्वतःच सांगायचा. शिकला गुजराती माध्यमात. दहावीला बाकी सगळ्या विषयांत सुटला, इंग्रजीत दोनदा आपटला आणि छाणीच्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये पत्रा कापायच्या प्रेसवर कामाला लागला. अठ्ठाविसाव्या वर्षी त्या प्रेसखाली उजव्या हाताची चार बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला. मालक माणूस वाईट नव्हता. त्याने दवाखान्याचा खर्च केला आणि वर सांगितलं, "विलास, दसमी पास थई जा, स्टोरमां बेसाडी दउं." म्हणजे दहावी झाली की स्टोअरमध्ये आला-गेला माल लिहायचा, टेबल, खुर्ची, डोक्यावर पंखा. आकडे डाव्या हाताने जमू लागलेच होते. कोयलीचं एक स्थळही त्याच खुर्चीवर अडलं होतं. मुलीला मामा पसंत होता, त्या हातासकट. तिच्या वडिलांचं म्हणणं एवढंच, की आधी खुर्ची, मग अक्षता. एका पेपरात पस्तीस मार्क पडले की सगळं मार्गी लागणार होतं.

पण तीन तासांचा पेपर डाव्या हाताने होणारा नव्हता. मग कुणीतरी सांगितलं की अशा उमेदवाराला लेखनिक मिळतो, फक्त तो खालच्या इयत्तेतला हवा. मी तेव्हा नववीत, इंग्रजी माध्यमात, वर्गाची मॉनिटर. डॉक्टरांचा दाखला झाला, शिक्षणखात्याच्या कचेरीत तीन खेपा झाल्या आणि शेवटी एक छापील कागद हाती आला... उमेदवार सांगेल तेच लिहीन, पदरचं काही घालणार नाही. त्याखाली मी सही केली. आयुष्यातली पहिली सही. बाबा रेल्वेत होते, नाकासमोर चालणारे. ते म्हणाले, "सही केलीस ना, आता शब्द पाळायचा." मामा मात्र खुशीत होता. "चला, स्पेलिंगची कटकट गेली! इंग्लिश माझं, स्पेलिंग हिचं. हवे तो पासज समज."

चार महिने तो आमच्याकडे राहायला आला. मी शाळेतून आले की पाच ते सात मागच्या ओट्यावर आमची शिकवणी. मी सांगेन ते इंग्रजी तो गुजराती अक्षरांत लिहून घ्यायचा, डाव्या हाताने, वहीत एका ओळीच्या जागी तीन ओळी खात, आणि मग तेच घोकत बसायचा. सायकलवर घोकायचा, दाढी करताना घोकायचा, भाजी आणायला जाताना घोकायचा आणि भाजी विसरून यायचा. मला मास्तरीण म्हणायचा. "मास्तरीणबाई, आयएमपी काय ते सांगा, बाकी जवा दो." आयएमपी म्हणजे हमखास येणारे प्रश्न. आमच्याकडची सगळी पोरं दहावीच्या वर्षी त्या तीन अक्षरांवर जगतात. मी त्याला पाच निबंध लिहून दिले. जत्रा, उन्हाळ्याची सुट्टी वगैरे चार त्याने तोंडपाठ केले. पाचव्याला हात लावला नाही. तो होता 'माझी महत्त्वाकांक्षा'. त्यात मी त्याला डॉक्टर करून खेड्यात गरिबांची सेवा करायला पाठवलं होतं. तो पोट धरून हसला. "चार बोटं नाहीत नि मी ऑपरेशन करणार? हा नाय येणार, मास्तरीण. हे तर लहान पोरांना विचारतात." मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. शब्दकोश मांडीवर घेऊन दोन संध्याकाळी खपून लिहिलेला निबंध होता तो. चौदाव्या वर्षी माणसाला आपल्या इंग्रजीचा जो ताठा असतो, तो पुढे इंग्रजी शिकवून पोट भरतानाही नसतो.

परीक्षेला आम्हाला वेगळी खोली दिली होती. एक उमेदवार, एक लेखनिक आणि एक पर्यवेक्षिका बेन. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, "बेटा, ए बोले एज लखवानुं, हों." तो सांगेल तेवढंच लिहायचं. मी मान हलवली. पहिले दोन तास बरे गेले. तो बोलायचा, मी लिहायची. तो चुकला की माझं पेन जरा थबकायचं आणि मग मी ती चूक जशीच्या तशी, वळणदार अक्षरात उतरवायची. शेवटी निबंध आला. तीन विषयांतले दोन त्याला समजलेसुद्धा नाहीत. तिसरा 'माझी महत्त्वाकांक्षा'. त्याने माझ्याकडे पाहिलं. सांगितलं होतं ना, हे माझ्या चेहऱ्यावर त्याला स्वच्छ दिसलं असणार, कारण मी ते लपवलं नव्हतं. तो घसा खाकरून सांगू लागला. "माय ॲम्बिशन इज स्टोअरकीपर. इन स्टोअर वन टेबल, वन चेअर. आय विल सिट अँड राईट." मी लिहिलं. "माय मदर विल बी हॅपी." तेही लिहिलं. "देन..." आणि तो थांबला. त्याच्याजवळचं इंग्रजी संपलं होतं. ओठ नुसते हलत होते. पंचवीस मिनिटं उरली होती.

बेन खुर्चीतून उठल्या. आमच्याकडे न बघता म्हणाल्या, "हुं जरा पाणी पीने आवुं छुं," आणि व्हरांड्यात गेल्या, जाताना दार लोटून घेतलं. त्यांच्या टेबलावर पाण्याची बाटली काठोकाठ भरलेली होती. मला ती दिसत होती आणि त्या का गेल्या हेही कळलं होतं. लहान होते, कळलं नाही, असं म्हणायची सोय मला नाही.

मामा अगदी हळू म्हणाला, "बेटा, पुढचं तू लिही ना. तुला येतो हा."

"नियम नाही, मामा."

तो म्हणाला, "हो... बरोबर." एवढंच. त्याने पुन्हा मागितलं असतं तर मी लिहिलं असतं का, याचा विचार मी वीस वर्षं करते आहे. त्याने मागितलं नाही.

नियमामुळेच मी नाही म्हटलं असतं तर आज मान वर करून सांगितलं असतं. सही आठवली होती, बाबा आठवले होते, हे खरं. पण मनात खदखदत होतं ते वेगळंच... तेव्हा हसला होतास ना, आता बस. माझा वीस ओळींचा निबंध मला पाठ होता. डॉक्टर खोडून स्टोअरकीपर घातला असता की झालं असतं. मी पेनाचं टोपण लावलं आणि खिडकीबाहेर बघत बसले. माझा मामा माझ्या शेजारी बसून शब्द शोधत होता आणि मी बाहेर झाडावर खारी बघत होते. बेन पुष्कळ वेळाने आल्या, दाराशी मुद्दाम खोकून आल्या. पान अर्धं कोरं होतं. कोऱ्या जागेवर पर्यवेक्षकाने तिरकी रेघ मारायची असते, तशी त्यांनी ती मारली. मारताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मामाकडे नाही.

त्याला तीस मार्क पडले. पाच कमी, आणि निबंध दहा मार्कांचा होता. घरी त्याने सगळ्यांना सांगितलं, "पेपरच भारी कठीण होता. आपली लेखनिक तर एकदम फर्स्टक्लास, अक्षर बघायला हवं होतं." आणि मला आवडतो म्हणून माझ्यासाठी बटाट्याचा ओलसर लिला चिवडा घेऊन आला. मी तो खाल्ला. आईला, बाबांना, कुणालाही खोलीत काय झालं ते त्याने सांगितलं नाही. मीही नाही.

मालक पुढच्या परीक्षेपर्यंत थांबायला तयार होता. मामाने पुन्हा फॉर्म भरला, पण लेखनिकाचा रकाना कोरा ठेवला. "आता मीच लिहिणार, डाव्या हाताने." सगळ्यांनी समजावलं. बाबा म्हणाले, अरे हिला दहावी लागली म्हणून अडलं असेल तर दुसरं कुणी बघू. तो ऐकेना. माझ्यावर पुन्हा ती वेळ येऊ नये म्हणून, की भरवसा उरला नाही म्हणून? मला वाचवलं, की मला वगळलं? हे मला कधीच कळलं नाही. पहाटेपासून तो डाव्या हाताने उतारे काढत बसायचा, मनगट सुजायचं, आई हळद लावायची. पेपर अर्धाच झाला. त्याच्या पुढच्या खेपेलाही अर्धाच. तोवर स्टोअरच्या खुर्चीवर दुसरा कुणी बसला होता आणि कोयलीची मुलगी लग्न होऊन सासरी गेली होती. ती बातमी आली त्या दिवशी मामा जेवायला बसला, भात कालवला आणि डावा हात पानात तसाच ठेवून कितीतरी वेळ बसून राहिला. आई नुसती "विलास, विलास" करत होती. मी आतल्या खोलीत उशीत तोंड खुपसून बसले होते. त्यानंतर त्याने फॉर्म भरला नाही.

शेवटची बारा-तेरा वर्षं तो वासण्याच्या त्या सोसायटीत होता. पाण्याच्या पंपामागे एक खोली, फाटकाशी खुर्ची आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंदवही. टेबल-खुर्ची मिळाली एकदाची, असं तो म्हणायचा आणि हसायचा. मला ते हसू बघवत नसे. वही तो इंग्रजीत लिहायचा, डाव्या हाताने, एका बाजूला कललेल्या मोठ्या अक्षरांत. नाव, घर नंबर, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, येण्याचं कारण. मी गेले की माझीही नोंद करायचा. "मामा, माझी कसली एन्ट्री?" "नियम नियम छे, मास्तरीण." हे तो सहज म्हणायचा की टोचून, तेही मी कधी ठरवू शकले नाही. कारणाच्या रकान्यात दर वेळी एकच शब्द घालायचा, 'टीचिंग'. शिकवायला आली. मी चिवडा आणायची, तो चहा करायचा, आणि शिकवणं मात्र त्या एका शब्दापुरतंच उरलं होतं.

मी इंग्रजीची शिक्षिका झाले. नापास होऊन परत बसणाऱ्या मुलांना रविवारी घरी शिकवते, फी घेत नाही. लोक कौतुक करतात. मामाचे पाच मार्क त्यातून भरून येत नाहीत, हे मला पक्कं माहीत आहे. गेल्या दिवाळीत एकदा धीर केला. "मामा, त्या दिवशी परीक्षेत मी..." तो ताडकन उठला. "गाडी येते आहे, बाजूला हो." खरंच गाडी येत होती. त्याने फाटक उघडलं, सलाम केला, परत येऊन बसला आणि आईचे गुडघे कसे आहेत ते विचारू लागला. मला सुटल्यासारखं वाटलं. ती आमची शेवटची निवांत भेट. पुन्हा बोलू, असं म्हणून मी निघाले होते.

परवा त्याची खोली रिकामी करायला गेले. सेक्रेटरी सोबत होते, म्हणून आत जाताना कुणी अडवलं नाही. एक ट्रंक, स्टोव्ह, गणवेशाचे दोन जोड, आईने विणलेला स्वेटर. अशा वेळी तळाशी एखादी चिठ्ठी निघावी, असं वाटत असतं. मी ट्रंक दोनदा उपसली. त्या वर्षांतला एक कागदसुद्धा त्याने ठेवलेला नव्हता.

ट्रंक रिक्षात ठेवली तेव्हा नवीन वॉचमनने हाक मारली. साठीतले गुजराती काका, सौम्य बोलणारे. "बेन, तमारी एन्ट्री बाकी छे." वही तीच होती. मी मागची पानं उलटली. सगळीकडे मामाचं कललेलं अक्षर, आणि मधूनमधून माझं नाव, पुढे 'टीचिंग', 'टीचिंग'. मग मी त्या दिवसाचं पान काढलं, नाव घातलं, घर नंबराच्या जागी पंपाची खोली लिहिलं. येण्याचं कारण या रकान्याशी पेन थांबलं. इंग्रजीत नाही, मराठीत नाही, मला एक शब्द सुचेना. माझे डोळे बघून काकांनी वही हळूच स्वतःकडे ओढली.

"लावो, तमे बोलो, हुं लखुं," ते म्हणाले. "तमे बोलशो एज लखीश."

मी तोंड उघडलं. काका पेन धरून बराच वेळ थांबले. मग त्यांनी त्या रकान्यात एक रेघ मारली आणि पुढे वेळ घातली.