अडलेली पट्टी

मी मूळचा संशयी. टपरीवर चहा प्यायचा तरी गाडीकडे तोंड करून पितो. पियानो जुळवण्याच्या धंद्यात हा स्वभाव कामाला येतो, कारण काहीतरी बिनसलंय असं धरूनच कान लावावा लागतो.

लातूरच्या उन्हाळी संगीत शिबिराला मला दरवर्षी नांदेडहून बोलावतात. दिवसभर वर्ग, संध्याकाळी सभागृहात मैफल. ऊन चढायच्या आत मी सूर लावून घेतो. यंदा संस्थेनं कोरा पियानो घेतला होता. त्याच्या झाकणाला कुलूप होतं. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी सभागृहाच्या वॉचमनकडे. त्यांना सगळे मामा म्हणायचे.

एका सकाळी मधली एक पट्टी दाबली ती दबलेलीच राहिली. हलवून मोकळी केली, मामांच्याही कानावर घातलं. दुसऱ्या सकाळी शेजारची अडली. आदल्या संध्याकाळी मी स्वतः सगळ्या पट्ट्या तपासल्या होत्या. माझं डोकं सणकलं. मामा नातवंडांना आणून पियानो बडवायला देत असणार, मी मनाशी पक्कं केलं.

त्या संध्याकाळी झाकणाच्या फटीत बारीक दोरा अडकवून गेलो. सकाळी दोरा खाली पडलेला.

"मामा, झाकण उघडलं होतं?"

"न्हाई सायब."

बोलताना त्यांनी वर बघितलं नाही. मग मला राहवेना. तडक संस्थेच्या सचिवबाईंच्या खोलीत गेलो आणि हा माणूस बदला म्हणून सांगून आलो. "आजची मैफल होऊ द्या, उद्यापासून दुसरा लावते," बाई म्हणाल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

परत आलो तर आणखी एक पट्टी अडलेली. आता नुसतं हलवून भागणार नव्हतं. पुढची फळी खोलली, पट्ट्यांचा सांगाडा ड्रॉवरसारखा बाहेर ओढला आणि एकेक पट्टी उचलली. फटीत तांदळाचा दाणा होता. कुंकवानं लाल झालेला. खाली तसेच आणखी पडलेले.

मामा दारात झाडत होते. तळहातावरचे दाणे त्यांच्यापुढे धरले. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला.

"पूजा करत व्हतो सायब, रोज पहाटं. बाई पैल्याच दिशी म्हनल्या, याला काय झालं तर तुमी घरी. मला काय कळतंय यातलं? म्हनून हळदीकुंकू लावायचो, अक्षता टाकायचो आन् पुसून घ्यायचो. पट्टी अडली म्हनलात, तवापून जरा जास्तीच टाकाया लागलो."

मला हसूही येईना आणि रागावताही येईना. अक्षता आत कशा जातात, पट्टी कशी अडते, ते दाखवलं. मामा वाकून सांगाड्यात बघू लागले.

"म्हंजी म्याच बिघडवलं?"

"बिघडलं काही नाही. पण उद्यापासून नुसतं फूल, आणि तेही झाकणावर."

"उद्यापून मी ऱ्हातो का पर?"

मी तसाच उठून बाईंकडे गेलो. म्हटलं, माझीच चूक झाली, मामांचा यात काही दोष नाही, त्यांना काढू नका. बाई चिडल्या. "सकाळी एक सांगता, दुपारी एक," म्हणाल्या. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. शेवटी त्या हो म्हणाल्या.

संध्याकाळी मैफल नीट पार पडली. मी मात्र जीव मुठीत धरून शेवटच्या सुरापर्यंत विंगेत उभा होतो. मामा शेजारी हात जोडून उभे. टाळ्या वाजल्या तसे माझ्याकडे वळले.

"पावला बगा देव. तुमच्यासाटी बी मागत व्हतो रोज."

"माझ्यासाठी?"

"मंग? बाजा बिघडला तर बोल तुमाला बी बसला असता. तुमचं बी पोट याच्यावरच हाय न्हवं."

मला त्यांच्याकडे बघवेना. झाकण लावायच्या निमित्तानं मी पियानोकडे गेलो.