मोबाईल कोणाजवळ द्यायचा

मुलांनो, आजीने मत दिलं का, असं तुम्ही परदेशातून फोनवर विचारलंत तेव्हा मी "दिलं" एवढंच म्हणाले. बाकीचं आता लिहिते.

माझं मत घरी येऊन नेलं. पंचाऐंशी ओलांडलेल्यांना तशी सोय आहे. अकोल्याचं ऊन आणि माझे गुडघे, दोन्हींचा विचार करून मी अर्ज दिला. मतदानाच्या काही दिवस आधी दोन अधिकारी, एक पोलीस आणि एक व्हिडिओ काढणारा असे चौघे आले. मी सकाळीच टेबलावर कपबश्या मांडून ठेवल्या होत्या, चिवडाही काढला होता. त्यांनी कपबश्या हळूच सरकवल्या आणि पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. त्याआड बसून मी खूण केली, कागद पाकिटात घालून चिकटवला. चहाचं विचारलं तर म्हणाले, "ड्युटीवर आहोत, आजी. अजून घरं बाकी आहेत." पाणीसुद्धा आपापल्या बाटलीतलं प्यायले. ते गेल्यावर मी बराच वेळ टेबल आवरलं नाही. तुमचे आजोबा गेल्यापासून त्या टेबलाशी एवढी माणसं आली नव्हती.

समोरच्या शेजारणीला हे सांगितलं आणि तिचा चेहरा उतरला. ती मूळची हिवरखेडची, शेतकरी घरातली, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. या गल्लीत आल्यापासून प्रत्येक मतदानाला आम्ही बरोबर गेलो. आमचं केंद्र जवळच्या शाळेत असतं आणि अलीकडे तिथे मोबाईल नेऊ देत नाहीत. म्हणून एकीने आत जायचं, दुसरीने फाटकापासून थोडं दूर, कडुनिंबाखाली दोन्ही फोन घेऊन बसायचं, मग अदलाबदल. शेवटी रसवंतीवर उसाचा रस.

"म्हंजे तुमचं मत गेलं बी? मले न सांगता?"

"अगं, गुडघे बघ माझे."

"मंग मी कोनासंग जाऊ?"

"एकटी जा. शाळा काय लांब आहे?"

"अन् मोबाईल कोनाजवळ देऊ?"

"घरी ठेव."

"अन् पोराचा फोन आला तं?"

तिचा मुलगा पुण्याला असतो. त्याचा फोन सणावारी येतो. हे तिलाही ठाऊक आणि मलाही.

"जाऊ द्या बाई," ती म्हणाली, "मी नाई जात यंदा. माह्या मतावाचून कोनाचं अडलं?"

मतदानाच्या सकाळी वरच्या मजल्यावरचा भाडेकरू आणि त्याची बायको गाडीत सामान भरत होते. अमरावतीहून मेहुण्यांना घेऊन चिखलदऱ्याला निघाले होते. "काकू, एका मतानं काय होते? सुट्टी भेटली तं जाऊन येतो." एरवी मी त्याला चांगलं सुनावलं असतं, अमरावतीच्या शाळेत मी मुलींना नागरिकशास्त्र शिकवलं आहे. त्या दिवशी मात्र "सांभाळून जा" एवढंच म्हणाले. त्याच्याबरोबर जायला माणसं होती, एवढंच मला दिसलं.

मी मतदानाला कर्तव्य म्हणून जाते असं मला जन्मभर वाटत आलं. आता कर्तव्य तर पाकिटात घालून नेलेलं होतं, तरी घरात पाय ठरेना. खिडकीतून पाहिलं, तर शेजारीण ओट्यावर सुपात तुरीची डाळ निवडत बसली होती. माणसं तिच्या समोरून शाळेकडे चालली होती आणि ती मान वर करत नव्हती.

मी ऑटो बोलावला आणि तिच्या दारात थांबवला.

"चल."

"तुमाले आत नाई घेनार आता."

"आत कोणाला जायचंय? मी फोन धरायला येते."

तिने माझ्याकडे पाहिलं, डाळीचं सूप उचललं, आणि साडी बदलून आली.

रांग मोठी होती. कडुनिंबाखाली मी दोन फोन मांडीवर घेऊन बसले. एका मुलीने विचारलं, "आजी, तुमी नाई जात का आत?" "झालं माझं," म्हटलं. ती आणखी काही विचारेल असं वाटलं, पण तिची मैत्रीण आली आणि दोघी गेल्या. तुमच्याकडे तेव्हा रात्र होती, हे मला माहीत होतं. तरी मी माझा फोन दोनदा उघडून पाहिला.

शेजारीण बोटावरच्या शाईवर फुंकर घालत बाहेर आली.

"आला काय?"

"नाही."

"अन् तुमाले?"

"मलाही नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. "नाई तं रस पिता पिता उठा लागलं असतं."

तिने फोन कमरेला खोचला, मला हाताला धरून उठवलं, आणि आम्ही रसवंतीकडे निघालो.