उलटी समई

मी राग विसरणारी बाई नाही, हे आधीच सांगून टाकते. घरातले म्हणतात, किती वर्षं झाली, सोडून दे आता. काय म्हणून सोडायचं? लातूरच्या त्या सत्काराचं निमंत्रण हातात पडलं तेव्हा त्यावर सरांचा फोटो होता. फोटोखाली छापलं होतं की घरगुती कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं चित्र जसंच्या तसं कागदावर उतरवणारा आपल्या भागातला पहिला प्रोग्राम सरांनी लिहिला. वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो प्रोग्राम मी लिहिला होता.

सर म्हणजे नांदेडमधल्या टायपिंग क्लासचे मालक. मी मुखेडची. नांदेडला मावशीकडे राहून कॉलेज करत होते आणि दुपारी टायपिंग शिकायला सरांकडे जात होते. क्लासच्या एका कोपऱ्यात रबरी बटणांचा, टीव्हीला जोडायचा एक छोटा कॉम्प्युटर होता. सरांच्या कुणा पाहुण्यानं तो आखातातून आणला होता. सरांना तो चालवता येत नव्हता, पण नुसता ठेवल्यानंही क्लासची पत वाढली होती. त्याच्यासोबत आलेली पुस्तकं मी घरी नेऊन वाचली आणि हळूहळू तो कोपरा माझाच झाला. पुढं सरांनी हैदराबादहून एक जुना प्रिंटर आणला, सुयांनी ठिपके मारत करकर आवाज करणारा.

तो अक्षरं छापायचा. चित्र म्हटलं की अडायचा. मी पडद्यावर एक समई काढली होती, पाच वाती, वर मोर, खाली रुंद बैठक. सगळ्यांना ती कागदावर हवी होती. साध्या भाषेत प्रोग्राम लिहून पाहिला, तर एक समई उतरेपर्यंत समोरचा माणूस चहा पिऊन निघून जायचा. मग मशीन कोडला हात घातला. म्हणजे थेट चिपला कळणारे आकडे. तक्त्यावरून एकेका सूचनेचा आकडा शोधायचा, मेमरीत टाकायचा, आणि सगळं झाल्यावर देवाचं नाव घेऊन सुरू करायचं. एक आकडा चुकला तरी पडदा पांढरा व्हायचा आणि केलेलं सगळं पुसलं जायचं. त्यात पडद्यावरचं चित्र मेमरीत आडव्या ओळींनी साठवलेलं, तेही सरळ क्रमानं नाही, उड्या मारत. प्रिंटरला मात्र ठिपके उभे लागायचे. आडवं उचलायचं आणि उभं मांडायचं, असा तो सगळा खटाटोप होता. मी तो रडत, चिडत, पण एकटीनं केला.

समई पहिल्यांदा छापली गेली तेव्हा ती मला सरळ दिसली आणि समोर बसलेल्या पाहुण्यांना उलटी. कारण प्रिंटरमधून निघणारा कागद माझ्यापासून दूर सरकत टेबलापलीकडे त्यांच्या पुढ्यात जायचा. सगळे माना वाकड्या करून बघायला लागले. मला आईची आठवण झाली. लहानपणी मुखेडला एका लग्नाच्या पंगतीत मी मीठ वाढायला निघाले आणि माझ्या डाव्या हाताला वाढत गेले. आईनं मनगट धरलं आणि म्हणाली, "ताट खाणाऱ्याच्या अंगानं बघ. वाढणाऱ्याच्या अंगानं न्हाई."

मी प्रोग्राम पुन्हा लिहायला घेतला. आता छपाई चित्राच्या तळापासून सुरू व्हायची, उजव्या टोकाकडून, ठिपक्यांची प्रत्येक उभी ओळ उलटी फिरवून. आधी समईची बैठक बाहेर यायची, मग दांडा, मग वाती, शेवटी मोर. पाहुण्यांच्या दिशेनं सरकणारी समई त्यांना सरळ दिसायची आणि मला उलटी. वाढणाऱ्याला ताट उलटंच दिसतं. त्या उलट्या समईचा मला फार अभिमान होता.

सरांनी ती कधीच उलटी पाहिली नाही. ते नेहमी पाहुण्यांच्या बाजूला उभे असत, हात मागं बांधून, बोलत. माझ्या बाजूला येऊन बसायची त्यांना कधी गरज पडली नाही. मशीनवर मी होतेच.

मग नांदेडला प्रदर्शन भरलं. आमच्या टेबलाशी गर्दी हटेना. कुणीतरी मोठे साहेब आले, समई हातात घेऊन बघत राहिले आणि विचारलं, हे कुणी केलं. सर म्हणाले, "मीच लिहिलं, साहेब. ही पोरगी फक्त बटणं दाबती."

माझी बोटं तेव्हा बटणांवरच होती. मी गप्प बसले, कारण सर लातूरला कॉम्प्युटरचं नवीन सेंटर काढत होते आणि ते मी चालवायचं, असा शब्द त्यांनी मला दिला होता. घरी वडिलांनाही मी तसं सांगून ठेवलं होतं. माझी सोयरीक त्यावरच थांबलेली होती. थोड्या दिवसांनी क्लासला गेले तर कोपरा रिकामा. कॉम्प्युटर, प्रिंटर, माझ्या प्रोग्रामची कॅसेट, सगळं लातूरला गेलं होतं, सरांच्या भाच्याबरोबर. त्या भाच्यानं तोवर मशीनला हातसुद्धा लावला नव्हता. सरांना विचारलं तर म्हणाले, तुझं आज ना उद्या लग्न होणार, तुझ्या भरवशावर सेंटर कसं टाकू. इतक्या सरळ आवाजात बोलले, जणू काही माझीच काळजी करत होते. माझ्या तोंडाला पानं पुसली होती आणि वर आशीर्वादही दिला होता.

त्याच वर्षी माझं लग्न झालं. उदगीरला आले, जिद्दीनं पुढं शिकले, एका कॉलेजची कॉम्प्युटर लॅब निवृत्त होईपर्यंत सांभाळली. संसार चांगला झाला, तक्रार नाही. पण एसटीनं लातूरला जाताना त्या सेंटरची पाटी दिसली की मी दातओठ खायचे. दरवेळी ती पाटी आधीपेक्षा मोठी झालेली असायची. शेजारी बसलेले आमचे हे मुद्दाम खिडकीबाहेर काही दाखवून माझं लक्ष दुसरीकडं वळवत. मी वळून पाटीकडेच बघायचे.

निवृत्तीनंतर आम्ही लातूरला घर केलं. भाचा आता त्या संस्थेचा प्रमुख आहे. मामांच्या सत्काराला त्यानं जुन्या यंत्रांची एक खोली तयार केली, आणि तोच रबरी बटणांचा कॉम्प्युटर आणि तोच प्रिंटर पुसून मध्ये टेबलावर मांडला. मागच्या भिंतीवर काळ्या दगडाची पाटी बसवली, प्रोग्राम लिहिणारे म्हणून सरांचं नाव कोरलेली. सत्काराच्या दिवशी समई छापून दाखवायची होती, पण कॅसेट नुसती खरखरत होती. तेव्हा सरांना माझी आठवण आली. स्वतः फोन केला.

"बाई, ते आपलं समईचं तेवढं चालू करून द्या. मला आता लई आठवत न्हाई."

आता आठवत नाही म्हणे. मी हो म्हणाले. घरात सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

नंतर रोज सकाळी मी त्या खोलीत जाऊन बसू लागले. आकडे विसरले होते, पण वाट विसरले नव्हते. एकेक सूचना पुन्हा शोधली, पुन्हा पडदा पांढरा झाला, पुन्हा चिडले. खोटं कशाला बोलू, समईच्या जागी भलतंच काही छापून यावं असंही मनात आलं. मोठ्या अक्षरात एकच शब्द, चोर. त्याची चव मी बरेच दिवस जिभेवर घोळवली. पण तो शब्द बघून लोक सरांची कीव करतील, हे मला कळत होतं. मी प्रोग्राम होता तसाच लिहिला. एक ठिपकाही इकडचा तिकडे केला नाही.

एवढंच केलं की भाच्याला म्हटलं, फोटोसाठी सरांनी स्वतः मशीनवर बसून बटण दाबावं. मागं पाटी, पुढं सर, छान दिसेल. छापून बघितलं तेव्हा भाचा समोरच्या बाजूला उभा होता, त्याला समई सरळ दिसली. तो गहिवरला. म्हणाला, ताई, तुमचं मन लई मोठं आहे. मी मान खाली घालून हसू आवरलं.

त्या दिवशी खोली भरून लोक बाहेरच्या मांडवात बसले होते. त्यांना दिसावं म्हणून सरांच्या खांद्यामागं कॅमेरा लावला होता आणि मांडवात मोठा पडदा. शाल, श्रीफळ, भाषणं झाली. सर खुर्चीत बसले. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्या बाजूला बसले होते. त्यांनी बटण दाबलं. प्रिंटर करकरायला लागला. मी तिथंच भिंतीशी उभी होते.

समई उलटी यायला लागली. बैठक वर, वाती खाली, मोर त्याच्याही खाली, डोक्यावर उभा. मांडवात कुजबुज सुरू झाली. सत्काराच्या दिवशी उलटी समई, बायकांना ते कसंतरीच वाटलं. भाच्यानं वाकून मामांच्या कानात काही विचारलं. सरांनी कपाळ पुसलं आणि माईक जवळ ओढला.

"जुनं मशीन हाय," ते म्हणाले. "आणि माझ्या प्रोग्राममधी तेव्हापासूनच एक चूक राहून गेली."

मी याचीच वाट बघत होते. पुढं झाले आणि टेबलाच्या पलीकडे, पाहुण्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिले. कॅमेरावाल्याला म्हटलं, बाबा, इकडं ये. तो आला. मांडवातल्या पडद्यावर समई सरळ झाली. मग मी माईक घेतला आणि सांगितलं की ही चूक नाही, ही समोरच्यासाठी वाढलेली समई आहे. पंगत वाढलेल्या बायका समोर बसल्याच होत्या, त्यांना फार सांगावं लागलं नाही. एकीनं तर शेजारणीला हातानं मीठ वाढून दाखवलं. मी सरांना विचारलं की छपाई चित्राच्या कुठल्या कोपऱ्यापासून सुरू होते, तेवढं फक्त सांगा. ते कागदाकडं बघत राहिले. मी त्यांना भरपूर वेळ दिला.

"हा प्रोग्राम मी लिहिला," मी म्हणाले. "सरांनी आज फक्त बटण दाबलं."

सरांच्या खांद्यावरची शाल घसरली होती आणि ती सावरायचं त्यांना भान नव्हतं. लोक मला विचारतात, म्हाताऱ्या माणसाचं असं झालेलं बघून वाईट वाटलं का. नाही वाटलं. घरी आल्यावर मी पोटभर जेवले आणि दुपारी गाढ झोपले.

आठवड्यानं भाचा घरी आला. दारात चपला काढून आत आला. म्हणाला, मामा घराबाहेर पडत नाहीत, जेवण कमी झालंय, कुणाचा फोन घेत नाहीत. पाटीवर सरांच्या नावाखाली 'सहकार्य' म्हणून माझं नाव कोरतो म्हणाला. माझा चेहरा बघून लगेच म्हणाला, नाहीतर पाटीच काढतो. शेवटी मुद्द्यावर आला. निदान प्रिंटर तरी फिरवू द्या, म्हणजे मशीनवर बसणाऱ्याला पाटीखाली उलटी समई दिसणार नाही आणि कुणी काही विचारणार नाही.

मी त्याला चहा दिला. मग म्हणाले, "पाटी राहू द्या. सरांचं नावही राहू द्या. प्रिंटर मात्र फिरवायचा नाही, आणि उलटी का म्हणून कुणी विचारलं तर तुम्ही स्वतः सांगायचं."

तो हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता? मांडवातल्या सगळ्यांनी बघितलेलं होतं.

आता अधूनमधून मी तिकडं जाते. भाचा मला बघून उठून उभा राहतो. कुणीतरी पाटीखालच्या खुर्चीत बसतं, बटण दाबतं, आणि कागदाकडं बघत मान वाकडी करून विचारतं, हे असं उलटं का हो? भाचा घसा खाकरतो आणि सांगायला लागतो. मी टेबलापलीकडे, पाहुण्यांच्या खुर्चीत बसलेली असते. समई माझ्याकडे सरळ येते.