उद्घाटनाचा नारळ
दसऱ्याला दाराला तोरण बांधताना झेंडूचा वास हाताला लागला की मला पनवेलच्या त्या हॉस्पिटलचा कॉरिडॉर आठवतो आणि डोकं फिरतं. बाबांच्या हृदयाची झडप रोबोटच्या मदतीने, छाती न उघडता दुरुस्त करायची होती, आणि त्या नव्या यंत्राचे ते पहिलेच पेशंट होते. रात्रीपासून पोटात पाण्याचा थेंब नव्हता, ओठांचे पापुद्रे निघत होते, तरी दुपारपर्यंत ते थिएटरबाहेर स्ट्रेचरवर पडून होते, कारण उद्घाटनाचे पाहुणे यायचे होते. दाराला झेंडूचे हार, लाल फीत, शेजारी टेबलावर पूजेचं ताट. "पळस्प्यापर्यंत आलेत, बस पाचच मिनिटं," मॅनेजर तिसऱ्यांदा म्हणाला. उरणच्या खाडीत जन्मभर जाळी ओढलेले माझे बाबा पुटपुटले, "घोटभर पानी तरी दे गो, बाय." मी ताटातला नारळ उचलला आणि दारातच फरशीवर आपटला. "अहो मॅडम, बायका नारळ फोडत नाहीत!" मॅनेजर ओरडला. "मी फोडला. झालं उद्घाटन, आता न्या त्यांना आत!" मागे उभ्या असलेल्या सर्जननी स्वतः स्ट्रेचर आत ढकललं. ऑपरेशन चांगलं झालं. पाहुणे संध्याकाळी आले, आणि त्यांचा फीत कापतानाचा फोटो पेपरात छापून आला. बाबा आज ठणठणीत आहेत, पण माझा राग काही उतरलेला नाही. फरशीवर पसरत जाणाऱ्या त्या नारळपाण्याकडे बघत त्यांनी कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली होती.