दोडामार्ग जाऊन येऊन

अण्णांना गाडी चालवता येत नव्हती. त्यांच्या मालकीची म्हणून एक सायकल होती आणि तीही शेवटी त्यांच्या छोट्या दुकानामागच्या भिंतीला टेकून गंजून गेली. तरी आमच्या गावात कोणी चारचाकी आणली की तिला पहिला हात लागायचा तो अण्णांचा. टायरवर दोन बोटं दाबायची, म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा बॉनेटवरून तळवा फिरवायचा, आणि मालकाला विचारायचं, "ॲव्हरेज किती देता?" नवरदेव गाडीतून उतरत असला तरी आधी हा प्रश्न, अक्षता मग. एकदा कोणाच्या तरी तेराव्याला मुंबईचा जावई स्वतःची गाडी घेऊन आला होता. अण्णांनी त्याचा हात हातात घेतला, "वाईट झाला रे," म्हणाले, आणि तोच हात न सोडता, "घाटात किती देता ही?" गावात त्यांना 'ॲव्हरेज अण्णा' म्हणत ते उगाच नाही.

बरं, उत्तर किलोमीटरमध्ये दिलेलं त्यांना चालायचं नाही. कोणी म्हणालं, लिटरला वीस देते, तर अण्णा मान हलवायचे. "ता वीस-बावीस ऱ्हवांदे. दोडामार्गाक जावन येवक किती पेट्रोल लागात, ता सांग." मालवणच्या किनाऱ्यावरचं आमचं गाव आणि जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, गोव्याच्या हद्दीशी दोडामार्ग. अण्णांच्या जगात अंतर मोजायचं माप हे एवढं एकच होतं. दोडामार्ग जाऊन येऊन.

कारण दोडामार्गच्या पुढे, काजू-रबराच्या बागांत त्यांची धाकटी बहीण दिली होती. तिला सगळे बाय म्हणत. समुद्रावर वाढलेली मुलगी डोंगरात गेली आणि तिला एसटी लागायची. गाडी सुरू झाली की दोन वळणांत उलटी. त्यामुळे माहेरपण तिच्या नशिबी फार आलं नाही. दर भाऊबीजेला अण्णाच तीन गाड्या बदलून जायचे. मग त्यांच्या कमरेचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी एसटी बंद केली आणि उरला तो फोन. रविवारी दुकान उघडायच्या आधी अण्णा फोन लावायचे. पलीकडून बाय विचारायची, "दादा, गाडी घेतलंस?" अण्णा म्हणायचे, "बघतंय गो. बरी गावली काय तुका न्हेवक येतंय." एकदा समुद्र बघायचा, एवढंच तिचं मागणं होतं. भाड्याची गाडी करा, असं लोकांनी सुचवून बघितलं. अण्णा म्हणत, "भाड्याचो ड्रायव्हर घड्याळ बघता. बायक धा ठिकाणी थांबूचा लागात. घरचीच गाडी होई."

घरची गाडी म्हणजे शेवटी माझी. आमची घरं शेजारी, मध्ये फक्त दगडी गडगा, आणि अण्णा-काकींना मूल नाही. माझ्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, पदवी घेतलेली पहिली, आणि गाडी घेणार होते तीही मी पहिलीच. हे मी मिरवते आणि मिरवणार. जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला नोकरी लागली, दोन वर्षं एसटीने ये-जा केली, ड्रायव्हिंग शिकले, लायसन काढलं आणि अण्णांना सांगितलं, "छोटी गाडी घेतंय. पहिली फेरी बायकडे." अण्णांनी दुकानातल्या बरणीतली लिमलेटची गोळी काढून माझ्या हातावर ठेवली. मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते.

त्यानंतर आम्ही गाड्या बघायला लागलो. नवी की जुनी, यावर अण्णांचं मत आठवड्याला बदलायचं. नव्या गाडीचे हप्ते माझ्या पगाराला पेलणारे नव्हते, म्हणून जुनीकडे वळलो, तर प्रत्येक गाडीत त्यांना खोट दिसायची. किनाऱ्यावरची असली तर पायाखालचं मॅट उचलून पत्र्यावर नख मारायचे. "खाऱ्या वाऱ्यान खाल्लेली हा. रंगाक भुला नको." गोव्याच्या नंबरची स्वस्त मिळत होती, तर नाव बदलताना इथला कर भरावा लागेल म्हणून ती बाद. सीएनजीची गाडी पेट्रोलपेक्षा कितीतरी परवडली असती. त्यांनी डिकी उघडली, आत सिलिंडर बघितला आणि बंद केली. "बायचा गाठोडा खंय ठेवतलंस? आणि येताना ती फणस दिल्याशिवाय सोडीत?" एका डॉक्टरांची गाडी तर आरशासारखी होती. अण्णा म्हणाले, "घर ते दवाखानो, दवाखानो ते घर. ह्या इंजनान कधी घाटीच चडूक नाय. दोडामार्गाक जाताना लाजात ता."

त्यांची एक सवय मात्र मला आधी कळत नव्हती. गाडी कोणतीही असो, अण्णा मागच्या सीटवर डाव्या बाजूला बसायचे आणि काच खाली करायचे. ती पुरती खाली गेली नाही, निम्म्यावर अडली, की दार उघडून बाहेर. पुष्कळशा छोट्या गाड्यांना मागची काच तशीच असते. मी एकदा वैतागून विचारलं, "अण्णानू, काचेन ॲव्हरेज वाढता काय?" तर म्हणाले, "बाय हय बसतली. तिका उलटी इली तर डोक्या भायर काढूक होया. अर्धी काच गळ्याक लागात." ती गाडीही सोडली.

असं करता करता पावसाळा गेला, भातं कापून झाली. रविवारचे फोन आखूड व्हायला लागले. बाय एकच गोष्ट तीनदा सांगायची, जेवली की नाही ते विसरायची. गाडीचं मात्र विचारायची. तिचा मुलगा गोव्यात कामाला जातो, तो मला म्हणाला, "ताई, आई दिवसेंदिवस माणसं विसरते आहे. मामांना सांगा, आणायचं तर लवकर." मी अण्णांना सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि त्याच संध्याकाळी एका चांगल्या गाडीला, हॉर्न बारीक आहे म्हणून, नापास केलं.

तेव्हा काकींनी मला मागच्या दाराशी बोलावलं. काकी म्हणजे तिखट बाई. अण्णांच्या निवडीवर त्यांचं ठरलेलं बोलणं असायचं, "माका बघूक इले तेवा पण दोन फेऱ्यो मारल्यानी. ॲव्हरेज इचारूचा ऱ्हवला व्हता." पण त्या दिवशी त्या हळू बोलल्या. "हेंका गाडी नको आसा गो. हेंका भय वाटता. भाच्यान एकदा व्हिडिओ कॉल लायल्यान. बाय तोंडाकडे बघीत ऱ्हवली आणि म्हणता, हो म्हातारो कोण? तेवापासून हे साधो फोन लावतत. आवाज वळखता ना ती. गाडी घेतली तर समोर जावचा लागात."

मी पदवीधर बाई, ओरोसला फायली हलवते, पण ह्या माणसाच्या शेजारी जन्म काढून मला हे दिसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि सावंतवाडीला गेले. एका निवृत्त मास्तरांची पांढरी पेट्रोल गाडी होती, आतल्या भागात वापरलेली, पत्रा शाबूत, सर्व्हिसची सगळी बिलं ठेवलेली. ओळखीच्या मेकॅनिकला दाखवली. मी मागे बसले, डावी काच खाली केली. ती पार दारात गेली. तिथेच ॲडव्हान्स दिला.

गाडी दारात आली तेव्हा अण्णा रुसले होते. तरी दोन बोटं टायरवर टेकवलीच. मग म्हणाले, "गाऱ्हाणा घालूक होया." आमच्याकडे नव्या वस्तूचं, नव्या कामाचं देवापुढे गाऱ्हाणं घालतात. एकाने मागायचं आणि बाकीच्यांनी होकार भरायचा. देवळासमोर गाडी लावली, अण्णांनी नारळ हातात घेतला.

"बा देवा म्हाराजा, ह्या चेडवान नवी नाय पण नव्यासारखी गाडी घेतल्यान हा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही सगळे.

"चाकाक काटो लागू नये, इंजनाक खोकलो येव नये, आणि मास्तरान जा ॲव्हरेज सांगल्यान हा, ता खरा होवंदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." हसू दाबत का होईना, पण सगळे म्हणाले.

मग अण्णा थांबले. नारळ हातातच होता. "आणि पयल्या फेरीक जिका आणूक जातंव, तिका भावाची वळख ऱ्हवांदे रे म्हाराजा."

यावेळी कोणी हसलं नाही. काकींचा "व्हय म्हाराजा" सगळ्यांत आधी आला.

निघताना अण्णांच्या सांगण्यावरून टाकी काठोकाठ भरली, म्हणजे परत आल्यावर पुन्हा भरून ॲव्हरेज काढता येईल. मीटरचा आकडा त्यांनी स्वतः पाठ केला. सावंतवाडीला तळ्याकाठी चहा घेतला तोवर ते बोलत होते. पुढे रस्त्याला बागा लागल्या तसे काच वर-खाली करत बसले.

बाय पडवीत बसली होती. अंगाने लहानशी, केस पांढरेशुभ्र, नजर फाटकाकडे. अण्णा काठी टेकत तिच्यासमोर गेले. "बाय, मी दादा. गाडी घेवन इलंय."

तिने त्यांच्याकडे बघितलं. पाहुण्याकडे बघतात तसं. तोंड बघितल्यावर फोनवरचा आवाजही तिला परका झाला. "बसा हां," म्हणाली. "सून चाय करता. माझो भाव येवचो हा गाडी घेवन, म्हणान मी हय बसलंय."

सून दारात थबकली. मी अण्णांकडे बघायचं टाळलं. अण्णा तिच्या शेजारी बाकावर बसले. काठीची मूठ चोळली. मग म्हणाले, "इतकी वर्सा झाली, अजून गाडी घेवक नाय तुझ्या भावान?"

बायला राग आला. "तुमका काय म्हायत? तो घाई करूचो नाय. सगळा इचारून घेतलो. माका गाडी लागता, ता तेका म्हायत आसा."

अण्णांनी चष्मा काढला, धोतराने पुसला, परत लावला. "तेनीच धाडल्यान माका," ते म्हणाले. "गाडी भायर आसा. तुका समुद्रार न्हेवक सांगल्यान."

"तेनी धाडल्यान?"

"व्हय."

"मगे येतंय. थांबा, लुगडा बदलून येतंय."

डाव्या बाजूला बायला बसवलं. अण्णांनी काच पार खाली केली आणि स्वतः तिच्या शेजारी बसले. ती सांगेल तिथे थांबलो. झाडाखाली थांबलो, पुलावर थांबलो, एकदा नुसतंच थांबलो. वारा तोंडावर घेत बाय समुद्रापर्यंत आली. तिला एकदाही उलटी झाली नाही.

आठवडाभर राहिली. ओल्या वाळूत पाय रोवून उभी राहायची, काकींच्या हातचं माशांचं तिखलं खायची, कोणाची होडी कुठे लागायची ते अचूक सांगायची. संध्याकाळ झाली की विचारायची, "भाव खंय गेलो?" अण्णा आपल्या दुकानातूनच उत्तर द्यायचे, "येतलो. दुकानात आसा." काकींना एकदा राहवलं नाही. "अगो, होच तुझो भाव." बायने अण्णांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हसली. "हो? हो तर ड्रायव्हर." अण्णा पोट धरून हसले. मला म्हणाले, "बघ गो, चलवतंस तू आणि नाव माझा." हसता हसता आत गेले ते लवकर बाहेर आले नाहीत.

परत पोचवलं त्या दिवशी बायने तळलेले फणसगरे दिलेच. अण्णांच्या हातात पिशवी देताना म्हणाली, "माझ्या भावाक सांगा, गाडी बरी घेतल्यान. काच पुरी खाली जाता."

"सांगतंय," अण्णा म्हणाले.

येताना ते तिच्या जागी बसले, काच खाली तशीच ठेवून. पंपावर मी गाडी वळवली, कारण हिशेब करायचा होता. पोराने पाइप लावला. मी विचारलं, "अण्णानू, सुटताना आकडो किती होतो?" ते बाहेर बघत होते. "ऱ्हवांदे गो," म्हणाले. त्यानंतर गावात गाडी आली की अण्णा हात लावायचे, टायर दाबायचे, पण प्रश्न बदलला होता. "मागची काच पुरी खाली जाता?" लोकांना वाटलं, म्हातारपण आलं. नाव मात्र 'ॲव्हरेज अण्णा' तेच राहिलं.

बाय पुढच्या पावसाळ्यात गेली. शेवटी शेवटी पडवीत बसून सुनेला सांगायची म्हणे, माझ्या भावाने गाडी पाठवली होती. अण्णा गेल्या माघात गेले. झोपेतच, कोणाला त्रास न देता.

त्यांच्या तेराव्याला अंगणात माझी गाडी उभी होती. कोणाचा तरी पाहुणा तिच्याभोवती फिरला, टायरवर बूट टेकवून बघितला, आणि मला म्हणाला, "जुनीच दिसते. ॲव्हरेज किती देते?"

मी ते आजवर काढलेलं नाही. "दोडामार्गाक जावन येता," मी म्हटलं.

त्याला काही समजलं नाही. आतून, पत्रावळी मोजता मोजता, काकींचा आवाज आला, "आणि काच पुरी खाली जाता, ता पण सांग गो तेका."