पुसणारी ओळ

समजा, तुमच्यापुढे जुन्या मराठी फॉन्टमधल्या तीनशे फायली आहेत. आजच्या फोनवर उघडल्या की अक्षरांऐवजी नुसता चिन्हांचा चिखल. एकेक उघडून पुन्हा टाइप करत बसा, नाहीतर चाळीस ओळींची एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, खरडा आणि मोकळे व्हा. काय कराल?

सानपाड्याच्या मंजुषाने खरडली. वडील बाजारात माथाडी, घरात कॉम्प्युटर शिकलेली ती पहिलीच. लॅपटॉप जुना, त्यात जागा नाही. म्हणून नवी फाइल तयार झाली की तिची स्क्रिप्ट जुनी पुसून टाकायची. न ओळखलेलं जोडाक्षर सरळ गाळायची. ऑफिसच्या नोटिसांना तेवढं पुरे होतं.

तिच्या ओपन सोर्स गटात दर शनिवारी असे जुगाड वाटायचा रिवाज. नियम एकच: जसं आहे तसं टाकायचं, नटवायचं नाही.

"थोडी साफ करून टाकते," ती म्हणाली.

"साफ करत बसलीस तर म्हातारी होशील," गट चालवणारा प्रसाद हसला. "टाक गं!"

तिने टाकली. टाळ्या पडल्या, बदाम पडले, चाळीस जणांनी उतरवून घेतली. मंजुषाचे पाय जमिनीला लागेनात.

महिन्याभराने दिवाळे गावच्या वैजयंतीताईंचा गटावर निरोप आला. ताई बालवाडीच्या बाई. अकरा वर्षं गावातल्या लग्नांत गाणाऱ्या म्हाताऱ्या गोजराबायशेजारी बसून त्यांनी धवले, म्हणजे लग्नातली गाणी, लिहून घेऊन जुन्या फॉन्टमध्ये टाइप केली होती; वह्या तेव्हाच रद्दीत गेल्या. मांडव नसताना धवला म्हणायचा नाही, ही गोजराबायची अट. आता ती थकली, मांडवात डीजे आला. ताईंनी त्या फायलींवर मंजुषाची स्क्रिप्ट चालवली. मूळ फायली गेल्या, नव्यांत ओळीओळीला भोकं.

प्रसादने लिहिलं, "बॅकअप घ्यायचा असतो, मॅडम. फुकटच्या मालाला गॅरंटी नसते." खाली सतरा अंगठे.

ते अंगठे बघून मंजुषाला शिसारी आली. रविवारी ती दिवाळ्याला गेली. पुसलेलं परत काढायला चार तास झटली. एकशे बारा धवल्यांतले नऊ हाती लागले.

"तू कशाला रडतेस, बाय? मना त्यातला काय कलत न्हाय. माजीच चूक हाय," ताई म्हणाल्या, आणि तिच्यापुढे तळलेल्या मांदेलीची ताटली सरकवली.

मंजुषाने ताटली बाजूला ठेवली. सतरा अंगठ्यांपेक्षा आता स्वतःचीच किळस येत होती. पुसणारी ओळ तिला ठाऊक होती. टाळ्या ऐकताना ती सांगायची राहिली होती.

घरी येऊन तिने गटावरची स्क्रिप्ट काढून टाकली आणि तिथेच लिहिलं, "ज्यांनी ज्यांनी घेतली, त्यांनी कृपया कळवा."

"लोकांना उगाच टेन्शन नको देऊस," प्रसादचं उत्तर आलं. "आणखी कोणी ओरडलं का?"

नाही ओरडलं. घेणाऱ्यांची नावं कुठेच नोंदलेली नाहीत. मंजुषा अजून रोज गट उघडून बघते. उरलेले एकोणचाळीस जण कोण, आणि त्यांनी आपल्या फायली अजून उघडून तरी पाहिल्यात का?