मामाचं दुसरं भिंग

माझ्या मामाला कुणी आंब्याची पेटी भेट दिली, तरी तो आधी ती उलटी करून बघायचा. वर चांगले आंबे रचलेत म्हणजे खाली काय असेल, हा त्याचा पहिला प्रश्न. "आधी खोट सांगा, मग भाव," हे त्याचं वाक्य लोणावळ्याच्या बाजारात इतकं माहीत होतं की पाठीमागे सगळे त्याला खोटमामाच म्हणत. त्याच्या कानावर ते आलं होतं. पण नक्की कोण कोण म्हणतं, याचा त्याला नुसता संशय होता, खात्री नव्हती.

ही दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. बाजारपेठेत मामाचा फोटोचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे एक खोली, राजवाडा रंगवलेला पडदा आणि पुढचं चिंचोळं अंगण. मुंबईची मंडळी मोटारीने घाट चढून आली की त्यांना गाडीसकट फोटो हवा असे, आणि उन्हाळाभर मामाचं पोट त्यावरच चाले. पण काळ्या कापडात डोकं घालण्याआधी मामा विचारायचाच, "गाडी आपलीच ना?" एका शेटजींनी तर रागाने गाडी तशीच परत वळवली. मामा म्हणाला, "आपली असती तर रागावले कशाला असते?" मामीने कपाळावर हात मारून घेतला.

कॅमेऱ्याचं जुनं भिंग कामातून गेलं होतं. गाडी मधे स्वच्छ दिसायची, पण दोन्ही टोकं धुक्यात बुडालेली. नवं जर्मन भिंग घ्यायची ऐपत नव्हती. म्हणून त्याने मुंबईच्या एका दुकानदाराकडून वापरलेली दोन भिंगं पारखायला आणली. पसंत पडेल ते ठेवायचं, नको ते परत. पहिलं रुंद नजरेचं. अंगणात गाडीला खेटून उभं राहिलं तरी अख्खी गाडी मावायची, शिवाय बॉनेट असं फुगायचं की साधी मोटार संस्थानिकाची वाटावी. गिऱ्हाइकं खूश. दुसरं साधं, सरळ. त्याच्यासाठी रस्त्यापलीकडे वाण्याच्या ओट्यावर जाऊन उभं राहावं लागे, आणि गाडी असेल तेवढीच दिसे. दोन्ही स्वस्त होती, म्हणून दोन्हींवर संशय. मामा ती दिव्यासमोर धरी, त्यांच्यावर श्वास सोडी, कानाशी नेऊन हलवी, आणि पुन्हा डबीत ठेवून देई.

नेमकं त्याच दिवसांत मला कामशेतचं स्थळ सांगून आलं. आम्ही बेडशाचे, शेती करणारे. मुलगा स्वतःची मोटार भाड्याने चालवायचा, स्टेशनवर उतरलेल्या लोकांना कार्ल्याच्या लेण्यांकडे न्यायचा. मध्यस्थाने त्याचा फोटो आणला, मोटारीला टेकून उभा असलेला. तो घेऊन माझे वडील, आबा, मला आणि आईला मामाकडे घेऊन आले. "लय मोटी गाडी हाय, पावणं," आबा मामाला म्हणाले. माझी नजर गाडीवर नव्हती, हे या वयात सांगायला आता हरकत नाही.

मामाने फोटो खिडकीशी नेला. "दाजी, चाक बघा. पुढचं परातीएवढं, तेही लांबट. मागचं पुरीएवढं. ही गाडी भिंगाने फुगवलीय. आणि ज्याने गाडी फुगवली, तो आणखी काय काय फुगवून सांगत असेल?"

आबांचा चेहरा पडला. नकार कळवायचं ठरू लागलं. मामाचा मला इतका राग आला की त्याची ती भिंगं जात्यात घालून दळावीत असं वाटलं. मला जेवण जाईना. मामीने ते पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाली, "भिंगं पारखायला आणता, तसा मुलगाही आणा की."

मुलगा गाडीसकट आला. मी राजवाड्याच्या पडद्याआड, फटीला डोळा लावून. अंगणात उभी राहिली ती गाडी इवलीशी होती.

"फोटोतली ती हीच?" मामाने विचारलं.

"व्हय मामा, हीच. मलाबी फोटो बघून वाटलं, ही कुनाची म्हनून. मध्यस्थाला म्हनलं, खरं काय त्ये सांगा. त्यो म्हनला, गप ऱ्हा."

मामाने दोन्ही भिंगांनी काढलेले फोटो त्याच्यापुढे ठेवले. "समज, तुझ्या गाडीचा फोटो स्टेशनवर लावायचाय. कुठल्याने काढू?" हा सापळा होता, हे मला पडद्याआडही कळलं.

मुलगा दोन्ही फोटो निरखत राहिला. "ह्येच्यात रुबाब हाय," तो पहिल्यावर बोट ठेवून म्हणाला. "पन माजा दुसऱ्यानं काडा. न्हाईतर गिऱ्हाईक मोटी गाडी हुडकत फुडं जायचं, आन् मी तितंच हुबा."

मामा आबांकडे वळला. "दाजी, मला खोट सापडत नाही." हे वाक्य त्याच्या तोंडून मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. "म्हणजे नीट लपवली असणार," असंही तो लगेच पुटपुटला, पण तोवर आबांनी मुलाच्या हातात चहा दिला होता. भिंगांपैकी मामाने दुसरं ठेवायचं ठरवलं.

लग्न बेडशाला झालं. पाठवणीच्या वेळी मोटार मांडवापुढे उभी राहिली आणि भावकीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या. "काड्याची पेटी हाय का मोटार?" कुणीतरी म्हणालंच. आईने मान खाली घातली. माझ्या डोळ्यांतलं पाणी माहेर सुटल्याचं होतं की त्या हसण्याचं, कोण जाणे. मामा रस्त्यापलीकडे कॅमेरा लावून उभा होता. तो वाकला, पेटीतून पहिलं भिंग काढून त्याने कॅमेऱ्याला बसवलं आणि कॅमेरा उचलून तो अगदी आमच्या जवळ येऊन उभा राहिला. "हलू नका," एवढंच म्हणाला.

परत पाठवायचं भिंग बेडशापर्यंत कशाला आणलं होतं, असं मी त्याला पुढे विचारलं. "घरी ठेवलं असतं तर चोरीला गेलं असतं," तो म्हणाला. यावर माझा विश्वास बसला नाही. शेवटी मी त्याचीच भाची.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. अजून बाजारात स्वस्त काही दिसलं की मी आधी खोट विचारते, आणि तेव्हा त्याची फार आठवण येते. पाठवणीचा तो फोटो आमच्या बैठकीत आहे. नातवंडं विचारतात, "आजी, एवढी मोठी गाडी होती तुमची?" मी म्हणते, "आधी चाक बघा." पुढचं परातीएवढं, मागचं पुरीएवढं. त्यानंतर जन्मभर मामाने कुणाची गाडी बोटभरसुद्धा मोठी दाखवली नाही. ते पहिलं भिंग लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी मुंबईला परत गेलं.